मागचं डावं दार

सुनेने गाडीचं मागचं डावं दार आपटलं, उघडलं, पुन्हा आपटलं. सहाव्या खेपेला सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरचा माणूस कागद घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, की दार तर झकास लागतंय.

"लागत नाही असं कोण म्हणतंय?" ती म्हणाली. "चालत्या गाडीत उघडतंय. तुम्ही लॉक बदलल्यापासून."

त्याने कागद पुढे केला. कॉम्प्युटर लावून सगळं तपासलं होतं आणि शेवटच्या ओळीत छापलं होतं, 'दोष आढळला नाही'. ती ओळ तिने दोनदा वाचली. खोट काढणं हा तर तिचा धंदा. खानावळींची स्वयंपाकघरं तपासायची तिची नोकरी होती आणि ती दारात दिसली की भल्याभल्या आचाऱ्यांच्या हातातला झारा खाली यायचा. तिलाच कोणी दोष नाही म्हणून सांगावं, हे तिला झोंबलं.

मुळात तिने काही मागितलंच नव्हतं. कंपनीनेच पत्र पाठवलं होतं, की या गाड्यांच्या मागच्या दारांची लॉक सदोष निघाली आहेत, फुकट बदलून देतो. नऊ वर्षांत त्या लॉकनी हूं की चूं केलं नव्हतं. बदलली, आणि तीन आठवड्यांत डावं दार तीनदा उघडलं. तिन्ही वेळा सासूबाई त्याच दाराला लागून बसलेल्या होत्या. पट्टा लावलेला होता म्हणून वाचल्या.

तिसऱ्यांदा उघडलं ते नेमकं नणंदेच्या फाटकापाशी, तिच्या डोळ्यांदेखत. सासू-सुनेचं विळ्याभोपळ्याचं सख्य सगळ्या नात्यात ठाऊक होतं, त्यामुळे नणंदेला फार शोध घ्यावा लागला नाही. आईला रस्त्यावर टाकायचा डाव आहे, असं ती तिथल्या तिथे म्हणाली आणि मग फोन करकरून सगळ्यांना म्हणाली. आज संध्याकाळपर्यंत कंपनीचं लेखी आलं नाही तर आईला मी घेऊन जाणार, असंही तिने बजावलं होतं. नवरा नुसता बायकोकडे बघत राहिला होता, आणि ते बघणं सुनेला नणंदेच्या बोलण्याहून जास्त लागलं होतं.

"मला लिहून हवंय," ती काउंटरवाल्याला म्हणाली. "लॉक खराब आहे, असं. शिक्क्यासकट."

खराब नसताना कसं लिहू, असं तो म्हणाला. मग तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. म्हातारं माणूस मेल्यावर दोष आढळणार का, इथपासून सुरुवात झाली आणि त्याच्या शर्टाच्या बटणापर्यंत मजल गेली. भिंतीकडेच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर सासूबाई पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. त्या शांतपणे ऐकत होत्या. त्यांना हे नवीन नव्हतं.

आवाज ऐकून मागच्या शेडमधून मेकॅनिक आला. निवृत्तीला टेकलेला माणूस, चष्मा कपाळावर. त्याने कोणाला काही विचारलं नाही. दार उघडून त्याच्या कडेवर वाकला, बोटाने काहीतरी चाचपलं आणि सरळ उभा राहिला.

"चूक माझी आहे, मॅडम," तो म्हणाला.

काउंटरवाल्याने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू घरचाच भेदी निघाला. सुनेचा चेहरा मात्र उजळला. मेकॅनिकने तिला दाराच्या कडेवरचा नखाएवढा खटका दाखवला. हे चाइल्ड लॉक. हे लावलं की दार आतून उघडत नाही, बाहेरूनच उघडावं लागतं. तिच्या जुन्या लॉकवर ते लावलेलं असणार. नवं लॉक डब्यातून खटका सोडलेलाच येतो. जुना खटका बघून नवा तसाच लावून द्यायचा असतो, तेवढं त्याच्याकडून राहून गेलं.

सुनेला आठवलं. लेक चार वर्षांची असताना नवऱ्याने तो लावला होता. आता लेक तिच्या खांद्याला लागली होती. खटका पुन्हा कोणी काढला नव्हता, कारण आतून उघडायची वेळच कोणावर आली नव्हती. लेक पुढे बसायची. सासूबाईंना तर सून स्वतः उतरून दार उघडून द्यायची. सून तोंडाने फटकळ, पण सासूला दार उघडून देते हो, असं शेजारीपाजारी म्हणायचे.

"म्हणजे तुमची चूक. द्या लिहून," ती म्हणाली.

"देतो ना." मेकॅनिकने चष्मा डोळ्यांवर घेतला. "पण दार आपोआप नाही उघडत, मॅडम. चालत्या गाडीत आतलं हँडल दोनदा ओढावं लागतं. पहिल्यांदा लॉक सुटतं, दुसऱ्यांदा दार. चुकून हात लागला तर एकदा लागेल."

सून वळली. सासूबाईंनी नजर चुकवली नाही.

"मी आधीपण ओढायचे," त्या म्हणाल्या. "तेव्हा उघडायचं नाही."

"आधी म्हणजे?"

"तू बोलायला लागलीस की."

आठवड्यातून दोनदा सासूबाईंना खांद्याच्या व्यायामाला न्यावं लागे. जाऊन-येऊन दीड तास. घरात नवरा, लेक. गाडीत दोघीच. घरात गिळलेलं सगळं ती गाडीत बाहेर काढायची. लग्नातल्या मानापमानापासून कालच्या दुधाच्या पातेल्यापर्यंत. मागून उत्तर येत नसे, म्हणून तिला वाटायचं, म्हातारी निगरगट्ट आहे.

"पडला असतात ना, आई." ती म्हणाली.

"पडायचं नव्हतं मला. उतरायचं होतं."

काउंटरवाला हातातला कागद वाचू लागला. मेकॅनिक खटक्यावर बोट ठेवून उभा होता. लावून देऊ का, असं त्याने विचारलं. सुनेने खुर्चीकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "नको." लेखी तिने पुन्हा मागितलं नाही. लिहून द्यायचा कोरा कागद काउंटरवरच राहिला.

गाडी फाटकाबाहेर काढून तिने कडेला लावली. चावी फिरवून इंजिन बंद केलं, तोच फोन वाजला. नणंदच. तिने तो समोरच्या स्टँडवरच ठेवून स्पीकरवर घेतला.

"काय म्हणाले? लॉक खराबच होतं ना?" नणंदेने खोचून विचारलं.

आई स्वतःच दार उघडते, एवढं सांगितलं असतं तर ती सुटली असती. पुढे म्हातारीचं डोकं फिरलंय म्हणून तिला डॉक्टरकडे नेलं असतं, आणि यापुढे खोलीलाही बाहेरून कडी लागली असती. सुनेने आरशात पाहिलं नाही.

"लॉक चांगलं आहे," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

मग नणंदेने तोंड सोडलं. तिचं शिक्षण काढलं, माहेर काढलं, भावाच्या नशिबाला रडून झालं. सून ऐकत होती. फोनमधला आवाज चढत गेला तसा तिचा उजवा हात स्टिअरिंगवरून घसरला आणि आपल्या दाराच्या हँडलवर जाऊन थांबला. तो तिथे कधी गेला, हे तिलाही कळलं नाही.

मागून सासूबाई वाकल्या. त्यांनी तो हात पाहिला.

"उतर तू," त्या हळूच म्हणाल्या. "तिचं संपलं की हाक मारते."