तेलाची पट्टी

तेरखेड्याच्या फाट्यावर माझं चहाचं हॉटेल आहे आणि समोर वीरप्पा मिस्त्रीचं गॅरेज. त्यामुळे तिथं कोणाची गाडी आली नि कोण शिव्या घालून गेलं, हे मला न विचारता कळतं. वीरप्पा मूळचा मुरूमकडचा. हातात कसब, जिभेवर साखर. अशा माणसाला मी चहा देते, पण त्याच्याकडे पाठ करून बसत नाही.

भूमच्या रणधीरशेठचं खडी क्रशर आहे. त्यांनी कुठल्याशा खाणीतून एक जुना टिप्पर आणला, आपोआप गिअर बदलणारा. आमच्या भागात असली गाडी कुणी चालवलेली नव्हती. वीरप्पाने तिचा गिअरबॉक्स उतरवला, आत नव्या क्लच प्लेटा घातल्या आणि पुन्हा बांधून दिला. चालवायला बेंबळीचे बलभीमकाका, शेठच्या वडिलांपासूनचे ड्रायव्हर. त्यांच्या हातची गाडी कधी रस्त्यात उभी राहिली नाही, एवढीच त्यांची इस्टेट. आणि त्या इस्टेटीचा माज म्हणाल तर भरपूर. "तेल बघितल्याबिगर किल्ली लावायची न्हाय," हे ते देवाचं नाव घ्यावं तसं रोज म्हणायचे.

हेच वाक्य त्यांनी एकदा वीरप्पाच्या गालावर उठवलं होतं. तेव्हा तो पोरगेला होता, काकांचा क्लीनर. एका सकाळी त्याने तेल न बघता गाडी सुरू केली. गाडीला काहीसुद्धा झालं नव्हतं. तरी काकांनी त्याला याच फाट्यावर चारचौघांत बडवला आणि अंथरूण रस्त्यावर फेकून निघून गेले. मी तेव्हा नवी सून, दाराआडून बघत होते. पोरगं रडलं नाही. अंथरूण झटकलं, घडी घातली आणि माझ्या सासूकडून पाणी घेऊन प्यायलं. न रडणारा माणूस विसरत नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

टिप्पर ताब्यात देताना वीरप्पाने शेठना सगळं समजावलं. फिल्टर कधी बदलायचा, घाटात गिअरचा दांडा कुठं ठेवायचा, गाडी ओढून न्यायची वेळ आली तर काय करायचं. तेलाचं काय, असं शेठनी विचारलं. वीरप्पा हसला आणि म्हणाला, तेलाचं काकांना सांगायची गरज नाही, ते रोज बघतातच. काकांची छाती फुगली. मलाही वाटलं, चला, जुनं वैर मिटलं.

पंधरवडा झाला नसेल, टिप्पर परत आला. चढाला इंजिन बोंबलतं पण गाडी उचलत नाही, दुसऱ्यातून तिसरा गिअर पडताना मागून कुणी लाथ घातल्यासारखा दणका बसतो, अशी तक्रार. आमच्या गावात फटाके बनतात, आम्ही आवाजाला दचकत नाही, पण त्या दणक्याला माझ्या कपबशा हलल्या. शेठनी वीरप्पाला नाही नाही ते ऐकवलं. वीरप्पाने सगळ्यात आधी, इंजिन चालू असतानाच, गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी ओढून बघितली. बघितली आणि काही न बोलता परत घातली. मग दिवसभर प्रेशरचं मीटर लाव, केबल ताण, असं नाटक केलं, आणि संध्याकाळी गुपचूप तेल ओतून गाडी सोडली. आता मला कळतं, त्याचं निदान त्या पहिल्याच मिनिटाला झालेलं होतं.

दुसऱ्यांदा टिप्पर आला तो ओढूनच आणावा लागला. काकांची गाडी पहिल्यांदा रस्त्यात उभी राहिली होती. काका मान खाली घालून बाकड्यावर बसले आणि चहा नको म्हणाले. वीरप्पाने खालचं चेंबर उघडून दाखवलं. तेल काळं पडलेलं, जळका वास, तळाला प्लेटांचा चुरा. शेठ कडाडले, आता चूक बांधणाऱ्याची का चालवणाऱ्याची, ते चारचौघांत ठरू दे, ज्याची असेल त्याला मी ठेवणार नाही.

वीरप्पाला तेच हवं होतं. प्लेटा बदलून, नवं तेल भरून झाल्यावर त्याने शेठना बोलावलं, क्रशरवरच्या ड्रायव्हरांनाही बोलावलं. मग अगदी लाडात म्हणाला, "काका, तुमी रोज सकाळी कसं बघता, तसंच आज बघा."

काकांना तो मान वाटला. त्यांनी बंद गाडीच्या चाकाला हात लावून नमस्कार केला, पट्टी काढली, फडक्याने पुसली, घातली, पुन्हा काढली. तेल खुणेच्या बरंच वर. जास्त आहे, म्हणाले. मग खिशातून बारीक नळी काढून पट्टीच्या भोकात सोडली आणि तोंडाने तेल ओढलं. लाल तेल ओठावरून हनुवटीवर आलं. उरलेलं त्यांनी डब्यात सोडलं, खुणेला आल्यावर थांबले. "आजवर काढलेलं सगळं जपून ठेवलंय, शेठ. एक थेंब फेकला न्हाय," ते म्हणाले.

वीरप्पाने इंजिन सुरू केलं, थोडं तापू दिलं, दांडा सगळ्या गिअरमधून फिरवला आणि काकांच्याच हाताने पट्टी काढायला लावली. पट्टी कोरडी होती. मग त्याने शांतपणे सांगितलं. ह्या गाडीचं तेल चालू इंजिनावर बघायचं असतं. बंद केली की वरचं तेल खाली उतरतं आणि जास्त दिसतं. काकांनी दोन्ही वेळा जास्तीचं म्हणून काढलं आणि गिअरबॉक्स उपाशी मारला.

पहिल्यांदा कोण हसलं ठाऊक नाही, नंतर सगळेच हसले. शेठनी हात पुढे केला. कालपर्यंत काका म्हणणारा माणूस म्हणाला, "बलभीम, किल्ली." काकांनी दिली. आणि तेवढ्यावर त्या वीरप्पाचं पोट भरावं की नाही? तो म्हणाला, काढू नका शेठ, म्हातारपणी कुठं जातील, क्लीनर म्हणून राहू द्या, तेल बघायची सवय आहे त्यांना. शेठना हे फार आवडलं.

काका माझ्या नळावर चूळ भरत होते, तेव्हा वीरप्पा हात धुवायला आला.

"ईरप्पा, गाडी देताना एक शब्द बोलला असतास तर?"

"तुमाला तेलाचं म्या काय शिकवावं, काका?" वीरप्पा म्हणाला. "तुमीच शिकवलंय मला."

त्याला फुकट चहा देणं मी त्या दिवसापासून बंद केलं. त्याला काही फरक पडला नाही.

मला वाटलं, काका आता येणार नाहीत. बेंबळीत जाऊन ओसरीवर बसतील, पण येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आले. गाडी सोडून त्यांना दुसरं काही येत नव्हतं. नवा ड्रायव्हर रुद्रेश, काकांच्या नातवाच्या वयाचा, फाट्यावरच उभ्या टिप्परच्या केबिनमधून ओरडला, "बलभीम, तेल बघ." काका पट्टी हातात घेऊन उभे राहिले. रुद्रेश मुद्दाम इंजिन सुरू करेना, मोबाइल बघत बसला. समोर वीरप्पा गॅरेजच्या दारात कप घेऊन उभा होता. त्याला घाई नव्हती.

काकांनी बराच वेळ वाट पाहिली. मग वर बघून म्हणाले, "आधी किल्ली लाव, बाबा."