पेटीवरचा निळा रंग

लोहारा गावच्या गायन पार्टीसाठी रहमतने अ‍ॅम्प्लिफायर बांधला, तो तीन महिने खपून. यवतमाळात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. एवढंसं, की दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्याने रस्त्यावरून बोलायचं. पण हात कसबी. मोडीत निघालेल्या रेडिओंचे व्हॉल्व्ह, जुना ट्रान्सफॉर्मर आणि पत्र्याची एक पेटी एवढ्यावर त्याने ते यंत्र उभं केलं. अ‍ॅम्प्लिफायर हा शब्द कुणाच्याच तोंडात बसेना, म्हणून सगळे त्याला पेटीच म्हणायला लागले.

खरं तर ही खटपट डोमाजीसाठी होती. डोमाजी पार्टीचा मुख्य गायक. साठी उलटलेला, अंगाने काटकुळा. पण एकतारी छेडून बाबासाहेबांवरची गाणी म्हणायला लागला की बाया हातातलं काम विसरत. धम्म घेतल्याला सहा वर्षं होत आली होती, दसऱ्याच्या कार्यक्रमाची गर्दी दर साली वाढत होती, आणि म्हाताऱ्याचा आवाज मागच्यांना पोचत नव्हता. रहमतचे अब्बा आणि हा डोमाजी सरकी काढायच्या एकाच जिनात रुईच्या गठाणी उचलत. अब्बा वारले तेव्हा खांदा द्यायला डोमाजी लोहाऱ्याहून चालत आला होता. त्यामुळे या कामात रहमतचा जीव गुंतला होता.

दुकानात पेटी अगदी गुणी वागली. चालू केली तरी चालू आहे की बंद, ते कळू नये इतकी शांत. इथेच थांबला असता तर बरं झालं असतं! पण कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी शहाण्याच्या मनात आलं की पेटीला रंग द्यावा. निळा, कारण तो त्यांचा रंग. कुणी सांगितलं नव्हतं, मागितलं नव्हतं. त्याने सगळे भाग सुटे केले, पत्र्याला आतून-बाहेरून रंगाचे दोन थर दिले, वाळल्यावर सगळे स्क्रू परत आवळले आणि स्वतःवरच खूश होऊन घरी गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानात बटण दाबलं आणि कर्ण्यातून घूंऽऽ असा आवाज सुटला. थांबेचना. रहमतने व्हॉल्व्ह बदलून पाहिला. तारा इकडच्या तिकडे केल्या. ट्रान्सफॉर्मरवर चापट्याही मारून झाल्या. समोर मैदान भरत चाललेलं, आणि पार्टीतला दुसरा गायक उकंडा डोक्यावर बसलेला, "झालं का? अजून झालं नाई का?" रहमतच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या.

तेवढ्यात डोमाजी एकतारी घेऊन माइकसमोर येऊन बसला. माइक तोंडाशी घ्यायला त्याने तारेला हात लावला, आणि घूं दुप्पट झाला. हात काढला, कमी झाला. पुन्हा लावला, पुन्हा वाढला. रहमतचं डोकं फिरलं. तो ओरडला,

"डोमाजीबाबा, हात नोका लावू! तुमचा हात लागला का बिघडते! दूर सरका!"

माइक चालू होता. ते बोलणं दोन्ही कर्ण्यांतून पार मैदानाच्या टोकापर्यंत गेलं.

डोमाजीने रहमतकडे पाहिलं, एकतारी उचलली आणि सरकत सरकत पार मागे जाऊन बसला. गाणी उकंड्याने म्हटली. पेटी कण्हत होती, पण कार्यक्रम निभावला. डोमाजी मागे बसून टाळ्या वाजवत होता. रहमतला वाटलं, चला, इज्जत वाचली.

दोन दिवसांनी दुकानात पेटी उघडून बसला असता त्याचा स्वतःचा हात त्या तारेला लागला. घूं! बाजूच्या पानवाल्याला बोलावून हात लावायला सांगितलं. घूं! हात कुणाचाही चालत होता. मग शोधत शोधत तो माइकची तार पेटीला जोडणाऱ्या स्क्रूपाशी आला. माइकच्या तारेभोवती बारीक जाळी असते, बाहेरची भणभण ती अडवते. पण ती जाळी पेटीच्या पत्र्याला भिडलेली पाहिजे. इथे मधे निळ्या रंगाचे दोन थर बसले होते. त्याने चाकूने रंग खरवडला, स्क्रू आवळला. पेटी शांत झाली.

आणि मग त्याला कळलं की आपण काय बोललो, आणि कोणाला बोललो. डोमाजीला लहानपणी विहिरीवरून कसं हाकलत, ते अब्बांनीच त्याला सांगितलं होतं. त्याला स्वतःची जीभ तोडून टाकावीशी वाटली.

उद्याच जाऊन सांगू, असं त्याने ठरवलं. पण सांगायचं म्हणजे आपल्या कारागिरीतली खोट चारचौघांत कबूल करायची. उद्याचा परवा झाला. दिवाळी गेली, कापूस संपला, उन्हाळा आला. बुद्धजयंतीसाठी पेटी मागायला उकंडा दुकानात आला, तेव्हा बोलता बोलता म्हणाला, "डोमाजीबाबा? थे तं दसऱ्यापासून गातच नाई."

त्याच दुपारी रहमत सायकलच्या कॅरियरला पेटी बांधून लोहाऱ्याला गेला. डोमाजी ओसरीत बसला होता. रहमतने बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं; रंग, स्क्रू, पानवाल्याचा हात, सगळं.

"मले मालूम होतं बापू," डोमाजी म्हणाला, "का माह्या हातात काई नाई. तुह्या मनातबी काई नोतं. पर थ्या दिवशी घरी आल्यावर माही नात मले इचारे, आबाजी, तुमच्या हाताले काय झालं? धम्म घेतल्यावर जलमली थे. असं बोलणं तिनं कधी आइकलंच नोतं. काय सांगाव तिले?"

रहमतला वर पाहवेना. "जयंतीले मी माइकवर सांगतो बाबा, साऱ्याईसमोर. चूक माही होती म्हणून. तुमी एकतारी घेऊन या फक्त."

डोमाजीची सून मथुराबाई दारात उभी होती. तिने वर बोट दाखवलं. आढ्याला एकतारीचा भोपळा टांगला होता, वरून कापलेला, आणि त्यात तुरीचं बियाणं भरलं होतं. "मामंजीच म्हणाले, पडून राह्यला तं कामी आन. झाले आठ दिवस."

आठ दिवस. आणि स्क्रू सापडून सात महिने झाले होते.

तो सायकलशी परत आला तेव्हा डोमाजीची नात, पंचफुला, पेटीसमोर उभी होती. कडक उन्हात निळा रंग चकाकत होता. तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते.

"चाचा," तिने विचारलं, "हिले मी हात लावला तं बिघडन का?"