बारावे रीळ

गेल्या वैशाखात, बाजाराच्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी हिराभाईंनी तळोद्यातल्या आपल्या दुकानात चालू चित्रपट थांबवला आणि शेजारी बसलेल्या डोंगरसिंगांना सांगितले की, या चित्रपटाचे बारावे रीळ त्यांनी बाजाराच्या दिवशी कधीच दाखवले नव्हते. त्या वेळी दुकानात आम्ही तिघेच होतो.

हिराभाईंचे दुकान पंखे आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचे आहे. तांब्याची तार, वॉर्निश आणि समोरच्या ओट्यावर वाळत घातलेली मिरची यांचा मिळून एक वास तिथे उन्हाळाभर असतो. दुपारी शटर अर्धे खाली ओढले की खालच्या फटीतून उन्हाचा एक सरळ पट्टा आत येतो, त्यात धूळ संथपणे फिरत राहते, आणि हिराभाई काही क्षण हातातले काम थांबवून त्या धुळीकडे पाहतात. उमेदीची वीस वर्षे त्यांनी असाच एक पट्टा पाठीमागून पाहिला. तापीकाठच्या गुजर घरातला हा मुलगा केळी आणि कापूस भावांवर सोपवून तळोद्यातल्या पत्र्याच्या टॉकीजमध्ये चित्रपट दाखवणारा ऑपरेटर झाला. टॉकीज बंद पडली, तिथे आता गोदाम आहे. पंखा दुरुस्त झाला की नाही हे ते आजही डोळे मिटून, आवाजावरून ठरवतात. रीळ नीट चालले आहे की नाही हेही ते तसेच ठरवत.

त्या दिवसांची एक खूण मात्र त्यांच्या हातात राहून गेली आहे. जुन्या चित्रपटात रीळ संपत आले की चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका क्षणभर दिसतो आणि जातो. पुढचे रीळ लावलेले दुसरे यंत्र सुरू करण्याची ती ऑपरेटरला सूचना असते; प्रेक्षकांच्या ती लक्षातही येत नाही. हिराभाईंना ती दिसते, आणि तिच्याबरोबर त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी, मोबाईलवर पाहत असले तरी, गुडघ्यावरून आपोआप उचलली जाते.

डोंगरसिंग धडगावच्या वरच्या अंगाला राहतात. तळोदा ते धडगाव या घाटात त्यांनी तीस वर्षे जीप चालवली. आता त्यांचा भाचा चालवतो, आणि बाजाराच्या दिवशी ते त्याच्या शेजारी बसून खाली येतात, हिराभाईंच्या दुकानातल्या लोखंडी स्टुलावर बसतात आणि सहाच्या शेवटच्या जीपने परत जातात. उन्हाळ्यात त्यांच्या खिशात आमचूरची, म्हणजे वाळवलेल्या कैरीच्या कापांची, पुडी असते. ती दोघांच्या मध्ये उघडली जाते आणि आठवडाभरात पाहिलेल्या चित्रपटांची तपासणी सुरू होते.

हिराभाईंच्या हाताखाली तार गुंडाळता गुंडाळता मी बारा वर्षे ती ऐकत आलो आहे. हिराभाईंची कसोटी उजेडाची. नव्या चित्रपटांबद्दल त्यांची एकच तक्रार असते, "इतला अंधार! मोतीबिंदू माले शे का त्यासना कॅमेराले?" डोंगरसिंगांची कसोटी वाहनाची. नायकाची गाडी दरीवरून उडाली याचे त्यांना काही वाटत नाही. पण तो घाट चढताना गिअर बदलत नाही, हे त्यांना सहन होत नाही. "बठा बठा हासस," ते म्हणतात. "मन्ही जीपमा असता तं उतारी देतू." मग पुडीतला आंबट तुकडा दाढेखाली धरून हिराभाई तोंड वाकडे करतात. ते हसणे आहे, हे मला फार उशिरा कळले.

नवे चित्रपट एका बैठकीत निकाली निघत. एका जुन्या चित्रपटाचा निकाल मात्र चाळीस वर्षे लागला नव्हता. त्यात एक बाप आपल्या मनाविरुद्ध लग्न केलेल्या मुलीला घराबाहेर काढतो, आणि ती परत दाराशी येते तेव्हा त्याचे प्रेत अंगणात असते. डोंगरसिंगांनी तो हिराभाईंच्या टॉकीजमध्ये, बाजाराच्या दिवशीच्या खेळाला, आठ वेळा पाहिला होता. "बाप नही, दगड शे तो," असे त्यांचे मत होते. "दगड नव्हता," हिराभाई म्हणत. "कशावरून?" असे विचारले की ते पंख्याच्या पात्याकडे वळत. दरवेळी ते हरत, आणि हरल्यावर दोघांसाठी चहा सांगत.

वाद केवळ दोघांपुरता नव्हता. बाजाराचा खेळ सुटला की परतीच्या जीपमध्ये ज्यांनी चित्रपट पाहिला नसे त्यांना डोंगरसिंग तो चालवता चालवता सांगत, वळणावर थांबत, वळण संपले की पुढे नेत. घरी गेल्यावर तोच चित्रपट ते पावरी बोलीत आईला सांगत. आई कधी डोंगर उतरून खाली आली नाही. तिने पाहिलेले सगळे चित्रपट तिने मुलाच्या तोंडून पाहिले.

त्या वैशाखाच्या सुरुवातीला डोंगरसिंगांच्या नातीला तो चित्रपट मोबाईलवर सापडला. तीन बाजार हिराभाईंनी टाळले. एकदा मोबाईल दुकानातल्या टीव्हीला जोडायची वायर नव्हती, एकदा वीज, एकदा वेळ. चौथ्या बाजारी डोंगरसिंग नवी वायर घेऊनच आले. साडेतीनला चित्रपट सुरू झाला. पाच वीसला कोपऱ्यात ठिपका दिसला, हिराभाईंची तर्जनी उचलली गेली, आणि पडद्यावर डोंगरसिंगांनी कधी न पाहिलेले दृश्य आले. बाप रोज संध्याकाळी नदीच्या उतारावर जाऊन बसतो, आणि घरी त्याच्या ताटाशेजारी दुसरे ताट वाढलेले असते.

हिराभाईंनी चित्रपट थांबवला.

"हाई काय शे?" डोंगरसिंगांनी विचारले.

"बारावं रीळ."

"मी आठ डाव दखा. तव्हय हाई कोठे व्हतं?"

"डबामा." हिराभाईंनी सांगितले, "खेळ सुटता सुटता सहा वाजी जायेत. तुन्ही जीपले एकच दिवा व्हता, डोंगर. अंधारमा घाट कसा चढता तू? भरेल जीप."

अकरावे रीळ संपले की ते बारावे बाजूला ठेवत आणि दुसऱ्या यंत्रावर तेरावे लावत. दहा मिनिटे वाचत. असे फक्त बाजाराच्या दिवशी, फक्त वरच्या गावांच्या लोकांसाठी. मालकाला हे माहीत होते की नाही, याला आता दुजोरा मिळू शकत नाही.

डोंगरसिंगांनी थांबलेल्या चित्राकडे पाहिले. त्यात दोन ताटे होती.

"मन्ही मायले मी सांगेल व्हतं," ते म्हणाले, "म्हतारा पोरना नाव न लेता मरी गया. ती रडनी व्हती, हिराभाई. माले इचारं व्हतं तं मी थांबी जातू. ती तशीच गई."

ते उठले. आमचूरची पुडी स्टुलावर तशीच राहिली.

पुढच्या बाजारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. दोन्ही दिवशी हिराभाईंनी स्टूल पुसून जागेवर ठेवले, संध्याकाळी आत घेतले आणि एकही चित्रपट पाहिला नाही. फोन केला का, असे मी विचारले. "तिकडे रेंज नही," ते म्हणाले. डोंगरसिंगांच्या भाच्याचा फोन त्याच आठवड्यात मला तिकडूनच आला होता. ते मी त्यांना सांगितले नाही. समोरच्या ओट्यावरची मिरची गोळा झाली, ओटा रिकामा झाला. शटरखालून येणारा उन्हाचा पट्टा थोडा सरकला आणि गुडघ्यावर ठेवलेल्या हिराभाईंच्या हातावर आला.

तिसऱ्या बाजारी, चारला पाच कमी असताना, डोंगरसिंग आले. स्टुलावर बसले. खिशातून नवी पुडी काढून मध्ये ठेवली.

"लाव," ते म्हणाले. "पयलेपाईन लाव."

"बारावं बी?"

"बारा बी, तेरा बी. आते मन्हा दोन्ही दिवा चालतस."

हिराभाईंनी तोंड वाकडे केले. चार वाजता चित्रपट सुरू झाला. मध्यंतराला त्यांनी चहा सांगितला, वाद झाला नव्हता तरी. अकराव्या रिळाच्या शेवटी कोपऱ्यात ठिपका आला; डोंगरसिंगांनी पडद्यावरची नजर काढून हिराभाईंच्या उचललेल्या बोटाकडे पाहिले आणि नजर पुन्हा पडद्याकडे वळवली. बाप नदीच्या उतारावर बसला होता. बाहेर जीपचा हॉर्न तीनदा वाजला. भाच्याने शटरखालून वाकून हाक मारली. डोंगरसिंगांनी मान न वळवता हाताने त्याला जायला सांगितले.

धडगावची शेवटची जीप सहा वाजता सुटली. चित्रपट सहा वाजून अकरा मिनिटांनी संपला.