व्हीनसचे हात

आमच्या जोगेश्वरीच्या वसाहतीतल्या बागेत व्हीनसचा पुतळा बसवायचा, ही कल्पना माझीच. ग्रीसच्या एका बेटावर सापडलेली ही संगमरवरी बाई पॅरिसच्या संग्रहालयात उभी आहे, आणि तिला हात नाहीत. ते कसे होते हे कुणालाच नक्की ठाऊक नाही. मी चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतरही रविवारी बागेत मुलांना घेऊन बसत असे. पोस्टकार्डावरची ही बाई दाखवली की गप्प बसणारी मुलंही बोलू लागत. म्हणून बाग समितीपाशी मी हट्ट धरला.

काम काशीरामला मिळालं. ते चौऱ्याऐंशी साल. संपात त्याची गिरणी बंद पडली होती आणि आता त्याच्याकडे शाडूचे गणपती करण्याचीच काय ती कला उरली होती. आपल्या पत्र्याच्या शेडला तो कोकणातल्यासारखं ‘गणपतीची शाळा’ म्हणे. पोस्टकार्ड त्याने उलटसुलट करून पाहिलं.

“तुटलेली मूर्त आमी इसर्जन करतो, मास्तरांनू,” तो म्हणाला. “ती घडवूची कशी?”

मी समजावलं, त्याने ऐकलं. सळ्या, जाळी आणि सिमेंट यांतून त्याने ती उभी केली. फक्त कमरेचं वस्त्र त्याने परस्पर खांद्यापर्यंत ओढून घेतलं होतं. ते मी तसंच राहू दिलं.

उद्घाटनाला आठवडा होता, तेव्हा वसाहतीतल्याच रुक्मिणीबाई बागेत आल्या. त्यांच्या घरचा गणपती अकरा वर्षं काशीरामकडून जात होता. त्यांनी पुतळ्याभोवती एक फेरी मारली.

“काशीराम, हिचे हात कुठे रे ठेवलेस? घरी?”

तो हसला नाही. हे असंच असतं, असं काहीतरी पुटपुटला.

“मोडकी मूर्ती मुद्दाम करणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला,” त्या म्हणाल्या, आणि तिथून थेट त्याच्या शाळेत जाऊन आपला पाट घेऊन गेल्या. आमच्याकडे गणपती सांगायचा तो घरचा पाट मूर्तिकाराकडे ठेवून. त्यावर मूर्ती घडते आणि त्यावरच ती घरी येते. दोन दिवसांत आणखी सात पाट परत गेले.

शनिवारी सकाळी मी बागेत गेलो, तर काशीराम स्टुलावर चढून व्हीनसच्या खांद्यात सळ्या बसवत होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला की हात लावून टाकतो, लोकांची तोंडं तरी बंद होतील. मी त्याला अडवू शकलो असतो, समितीने पुतळ्याचं माझ्यावरच सोपवलं होतं. पण पाट माझे जात नव्हते. मी म्हटलं, लाव. फक्त कसे लावायचे ते उद्या पोरांना विचारू.

रविवारी बावीस मुलं होती. मी सांगितलं, ही बाई काय करत होती ते ठरवा आणि हात काढा. बाळने तिच्या हातात पतंगाची फिरकी दिली. पद्मजाने तिला केस बांधायला लावलं. रुक्मिणीबाईंची नात क्षमा हिच्या चित्रात बाई नळावर उभी होती. एका हाताने कमरेवर कळशी धरलेली, दुसरा हात मधे घुसणाऱ्याला मागे सारणारा, आणि मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या.

काशीराम उलट्या घमेल्यावर बसून एकेक कागद बघत होता. काही कागद त्याने दोनदा पाहिले.

“कोणाचे लावू?” त्याने मला विचारलं. कागदांची चळत सारखी करून तो उठला. “एकाचे लावले, तर बाकी एकवीस पोरांचे मी तोडले असं होईल.” मग त्याने करवत घेतली आणि सळ्या खांद्यापाशी कापून टाकल्या.

उद्घाटनाच्या दिवशी चौथऱ्याभोवती दोरी बांधून आम्ही बावीस चित्रं लावली. रुक्मिणीबाई क्षमाच्या चित्रापुढे थांबल्या. हिरव्या बांगड्यांकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातातल्या तशाच बांगड्यांकडे. मग निघून गेल्या.

पुढच्या सोमवारी मी काशीरामच्या शाळेत बसलो होतो, तेव्हा त्या पदराखाली पाट घेऊन आल्या. भिंतीला टेकवून ठेवत म्हणाल्या, “या वर्षी मात्र बोटं मोजून घेणार. चारही हातांची.”

“मोजा काकी,” काशीराम म्हणाला. पाटावरची धूळ त्याने पंच्याने पुसली, पुन्हा एकदा पुसली. “पण एक दात तुटकाच देणार हां. तो गेली अकरा वर्षं तुम्ही तसाच नेताय.”

रुक्मिणीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता पाट उचलतात. त्यांनी पदर सारखा केला आणि सोंड डावीकडे हवी, एवढं सांगून त्या निघाल्या.

इतक्या वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. मी काशीरामला तसं सांगितलं. तो म्हणाला की त्यालाही काल रात्री दात करतानाच सुचलं.