अर्ध्या हळकुंडाचा डाग

लॉन्ड्रीवाल्या डागकाकांना हे नाव उगाच पडलं नव्हतं. कपड्याकडे नुसतं पाहून डाग कशाचा आणि कशाने जाईल, हे ते सांगत. मग एक व्हायरल ताप आला. ताप गेला, पण जाताना काकांची अक्कल गहाण टाकून गेला. वकिलाची पँट शाळेतल्या बाईंकडे पोचली, बाईंचा गाऊन वकिलाकडे. आणि वकिलाने तो परत करायला आठवडा लावला.

"आणखी एक घोळ, की काउंटरवर माझ्या भावाला बसवीन," काकूंनी बजावलं.

हा मेहुणा म्हणजे उंटावरचा शहाणा. आपल्याच दुकानात त्याच्या हुकमाने इस्त्री फिरवायची, या कल्पनेनेच काकांनी थेट डॉक्टरांचा दवाखाना गाठला.

"मेंदूवरचं मळभ सावकाश जाईल, झोप काढा," डॉक्टर म्हणाले. हळदीने डोकं पुन्हा तल्लख होईल का, असं काकांनी विचारलं. "अभ्यास चाललेत, खात्रीने नाही सांगता येत. चिमूटभर खायला हरकत नाही."

काकांनी त्यातलं 'खायला' एवढंच ऐकलं. हळद एकटी अंगी लागत नाही, जोडीला मिरं आणि तेल हवं, हेही कुठूनसं कळलं. काकू एरवी त्यांच्या डोक्यावर मिरे वाटतच होत्या, आता बिचाऱ्या खलबत्त्यातही वाटू लागल्या. तिन्हींच्या गोळ्या करून काका खिशात ठेवत आणि येताजाता एक तोंडात टाकत.

त्याच बोटांनी त्यांनी बँडमास्तरांचा पांढरा कोट उचलला. संध्याकाळी त्यांचा कार्यक्रम होता. छातीवर पिवळाधमक अंगठा उमटला.

काकांनी घाबरून साबण चोळला. डाग लालभडक झाला.

नेमके तेव्हाच बँडमास्तर दारात आले. "अहो, माझा खून झाला की काय?"

"थांबा, भावाला फोन लावते," म्हणत काकूंनी फोन उचलला.

काका लाल डागाकडे बघत राहिले. साबण... लाल... हा डाग कुठेतरी भेटलाय! डोक्यातल्या धुक्यात कोणीतरी खिडकी उघडली.

"हळद!" ते ओरडले. "साबणाने लाल होते, लिंबाने पुन्हा पिवळी होते, आणि उन्हात उडून जाते! लिंबू आणा!"

मग लिंबू आलं, कोट खळबळून धुतला गेला आणि भर रस्त्यात बँडमास्तर तो हातात धरून उभे राहिले. समोरच्या इमारतीची सावली जशी सरके तसे तेही सरकत, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, मास्तर नवा नाच बसवताहेत. दुपार कलता कलता डाग गेला. मास्तर कोट घालूनच पळाले.

काकांची छाती फुगली. "पाहिलंस? गोळ्या लागू पडल्या!"

"अर्ध्या हळकुंडाने पिवळे होऊ नका," काकू म्हणाल्या. "गोळ्यांनीच डाग पडला होता."

काकांचा चेहरा पडला. "मग... मेहुण्याला केलास फोन?"

काकूंनी गल्ल्याची किल्ली त्यांच्यापुढे सरकवली. "कसला करतेय! सख्ख्या भावाचा नंबर, पण मेला आठवतच नाही."

काकांचे डोळे भरून आले. त्यांनी खिशातून एक गोळी काढली आणि काकूंच्या तळहातावर ठेवली.