दोरीचा लायटर

शाळेसमोरच्या टपरीला दोरीनं बांधलेला एक लायटर लोंबत असे. शाळेच्या फाटकात रोज दप्तरं तपासत, त्यामुळे पोरांजवळ काडेपेटी नसायची. दुपारी शाळा सुटली की चौघं जण यायचे, एक सुटी सिगारेट घ्यायचे, लायटरपुढं वाकून पेटवायचे आणि टपरीमागं फिरवून फिरवून ओढायचे. वाकताना माना अशा नम्र व्हायच्या, की देवापुढंसुद्धा कधी झाल्या नसतील!

टपरीवाल्याची थोरली लेक त्याच शाळेत दहावीला. बाप जेवायला गेला की गल्ल्यावर ती बसायची. एके दिवशी चौघांमागून तिची बाकावरची मैत्रीण आली. धावण्यात शाळेत पहिली येणारी पोर.

"मलापण एक दे गं," मैत्रीण म्हणाली. "आणि हसू नकोस हां."

लेक हसली नाही. तिनं कात्री उचलली आणि दोरी कचकन कापली.

"ए, डोकं फिरलं का?" चौघांतला लंबू ओरडला. "दुकान तुझ्या बापाचं आहे, तुझं नाही!"

"बापाचं आहे म्हणूनच. परक्याचं असतं तर माझं काय अडलं होतं?"

"उद्यापासून वर्गात कुणी बोलणार नाही तुझ्याशी."

"बरं होईल. अभ्यास तरी होईल."

मैत्रीण पाठ फिरवून निघून गेली. ते मात्र लेकीच्या जिव्हारी लागलं.

बाप परतला, दोरीचं टोक बघून भडकला. "आपण नाही दिली तर कोपऱ्यावरचा देईल! पोरं सोडणार आहेत थोडीच?"

"मग कोपऱ्यावरच्यानं द्यावी, बाबा. सकाळी याच लायटरनं तुम्ही टपरीतल्या देवापुढं दिवा लावता. दुपारी तोच माझ्या मैत्रिणीच्या तोंडाशी धरायचा?"

बापानं दोरीचं टोक ओढून पाहिलं. मग गुरकावला, "कीर्तन पुरे. मुकाट्यानं बांध तो."

"नाही बांधणार."

"नको बांधूस." त्यानं खोक्यातून नवा काढला आणि टांगला.

जुना लेकीनं दप्तरात टाकला. लायटर सापडला तर आठवडाभर घरी, हा शाळेचा नियम तिला पाठ होता. परीक्षा तोंडावर आली होती, तेही ठाऊक होतं. सकाळी फाटकात तिनं दप्तर स्वतःच उघडून धरलं.

"अगं बाई, तू?" तपासणाऱ्या बाईंचा आवाज चढला. "कुणाचा हा?"

"आमच्या टपरीचा, बाई. यावरच आपल्या शाळेतली पोरं सिगारेटी पेटवतात. तिथं आता नवा टांगलाय."

रांगेतला लंबू बुटाची नाडी बांधायला खाली बसला.

"तुला घरी बसावं लागेल, कळतंय ना?"

"कळतंय. बसेन."

"बाई, काल मीपण गेले होते तिथं," मागून मैत्रीण पुढं आली. "हिनं दिली नाही."

बाईंनी कपाळाला हात लावला. "आता हिच्या वडिलांना बोलवायला हवं."

"त्यात काय, ते समोरच आहेत," लेक म्हणाली आणि रस्त्याकडं वळून खच्चून ओरडली, "बाबा! इकडं या, तुम्हाला बोलावलंय!"

टपरीची फळी उघडता उघडता बाप थांबला. सगळी शाळा त्याच्याकडं बघत होती. त्यानं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, चपला चढवल्या आणि रस्ता ओलांडायला लागला.