दोन टिचक्या

"वहिनी, राग मानू नका, पण तुमची किंकाळी शिळी झालीय," धाकटे मालक म्हणाले आणि खोक्यातला कोरा करकरीत स्पीकर काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

भोंगावहिनी उभीच होती. समोरच्या माणसाला बसा म्हणायची रीत थोरल्या मालकांबरोबरच गेली होती. शेजारी तिचा नवरा, हातात टोपी, नजर फरशीवर. फरशीवर काही सांडलंय आणि ते आपल्यालाच पुसायचंय, असा त्याचा चेहरा.

"शिळी म्हणजे कशी?"

"पाठ केल्यासारखी. काल मी तुमच्या मागच्याच डब्यात होतो. गाडी वर चढली, सगळ्यांची बोबडी वळलेली, आणि तुम्ही केसांचा चाप नीट केलात. वर जांभई दिलीत."

"जांभई कुठली? श्वास भरून घेत होते."

"लोकांना जांभईच दिसली ना! शेजारची बाई खाली उतरल्यावर नवऱ्याला म्हणाली, एवढं काही नाही हो यात. एवढं काही नाही म्हणणारा माणूस परत रांगेत उभा राहत नाही, वहिनी." त्यांनी स्पीकरवर हात ठेवला. "हा महिना बघू. नाहीतर हा आहेच. याला पगार नको, सुट्टी नको, खोली नको."

खोली नको म्हणताना त्यांनी मुद्दाम तिच्याकडे पाहिलं नाही. न पाहताही नेम बरोबर बसला. बागेतल्या दुरुस्तीच्या शेडमागची ती एक खोली आणि एक मोरी नवरा-बायको दोघं कामावर आहेत म्हणून मिळाली होती. एकट्या नवऱ्याला बाकीच्यांसोबत लांब बराकीत खाट मिळाली असती. म्हणजे सासूला कुठे ठेवायचं आणि स्वतः कुठे जायचं, हे तिचं तिने बघायचं.

आता हिचं काम काय, तर ओरडणं. हसू नका, त्याचाही पगार असतो.

बागेतला रोलर कोस्टर नवा होता तेव्हाची गोष्ट. लोखंडाचा एवढा डोलारा उभा केला, पण लोक एकदा बसायचे आणि आंबट तोंडाने घरी जायचे. थोरले मालक रोज कठड्याला टेकून उतरणाऱ्यांची तोंडं बघायचे आणि काही केल्या त्यांना गोम कळायची नाही. एक दिवस गाडीचा खटका ओढणाऱ्या माणसाची नवी बायको त्याचा डबा घेऊन आली. याला सगळे ड्रायव्हर म्हणत, वास्तविक तो काही चालवत नव्हता. मालक गमतीने म्हणाले, बसव तिला, फुकट. ती बसली, आणि पहिल्या उताराला अशी काही किंचाळली, की बाहेरचे भेळेवर तुटून पडावं तसे तिकीट खिडकीवर तुटून पडले. उतरल्यावर ती खो खो हसत म्हणाली, "परत! परत एकदा!" आणि तिच्यामागे अख्खा डबा परत रांगेत.

थोरल्यांना गोम सापडली. "माणसाला नुसतं घाबरायचं नसतं," ते म्हणायचे. "शेजारचा आपल्यापेक्षा जास्त घाबरलेला बघायचा असतो. आणि आतून खात्री हवी असते, की काय वाटेल ते झालं तरी आपल्याला खाली धरून ठेवलेलं आहे. वरून भीती, आतून खात्री. खात्री गेली की गंमत संपली." दुसऱ्या दिवसापासून ती कामावर. पर्स अडकवून, रोज वेगळा रुमाल बांधून, गिऱ्हाईक बनून पहिल्या डब्यात कडेला बसायचं. चढाला हळूच "आई गं". माथ्यावर चिडीचूप. उताराला जीव खाऊन किंकाळी. आणि खाली आल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं, "परत एकदा!" बागेतल्या लोकांनी तिचं भोंगावहिनी करून टाकलं. तिला त्याचं वाईट वाटत नसे. उलट मनातल्या मनात थोडी ऐटच होती.

आणि दर फेरीच्या आधी एक गोष्ट ठरलेली. नवरा डब्या-डब्यातून मांडीवरचे दांडे दाबत यायचा. तिचा दांडा खट् करून लागला, की तो त्यावर नखाने दोन टिचक्या मारायचा. टक, टक. लागलाय, निवांत बस. नव्या नवलाईत सुरू झालेलं ते खूळ केस पिकले तरी सुटलं नव्हतं. घरात तो तिच्याशी चार शब्द धड बोलायचा नाही. पण कितीही भांडण झालेलं असो, त्या दोन टिचक्या चुकल्या नाहीत.

त्या संध्याकाळी खोलीत सासू नेहमीच्या जागी भिंतीला टेकून बसली होती. म्हातारीला कानाने काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. सुनेचं तेवढं यायचं.

"काय म्हणाले मालक?"

"ओरडणं शिळं झालंय म्हणाले!" वहिनी ओरडून म्हणाली.

"मला तर रोज ताजंच वाटतं," सासू म्हणाली आणि मसूर निवडायला लागली.

ड्रायव्हर उंबऱ्यात बसून बोटांचं ग्रीस पुसत होता. तो म्हणाला, "अगं, खरंच घाबरत का नाहीस तू? थोडं घाबरलं तर काय बिघडतं?"

"घाबरू कशाला?" ती कणीक मळता मळता म्हणाली. "दांडा तुम्ही लावता. दुसऱ्या कोणी लावला असता तर घाबरलेही असते."

असं बोलणं त्या घरात व्हायचं नाही. तीच जरा लाजली आणि उगाच पीठ झटकत बसली. नवऱ्याने पुसायचं थांबवलं होतं. तो तिच्याकडे बघत होता. तिला वाटलं, बरं वाटलं असेल. चला, या वयात का होईना! मग तो उठला, मालकांकडे जाऊन येतो म्हणाला आणि पाना घेऊन गेला. पाना कशाला, हे विचारायचं तिला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टीचा वार. बाग तुडुंब. वहिनीने निळा रुमाल बांधला, मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या आणि मनाशी ठरवलं, आज असं ओरडायचं की त्या स्पीकरने खोक्यात परत जाऊन बसावं. शेजारी चष्मेवाली एक मुलगी आली. "काकू, तुम्हाला भीती नाही ना वाटत? मला धराल?" "मलाच धर बाई तू," वहिनी ठरल्याप्रमाणे म्हणाली.

ड्रायव्हर दांडे दाबत आला. तिच्यापाशी थांबला. दांडा दाबला, खट् झालं. तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग टक, टक.

गाडी चढाला लागली. "आई गं," ती म्हणाली. माथ्यावर चिडीचूप. खाली बागेतली माणसं मुंग्यांएवढी. तिने छातीत श्वास भरला, चापाला हात लावायचा मोह आवरला, आणि गाडी सुटली.

दांडा उचलला गेला.

तो मांडीवरून सुटून वर आला आणि त्याच्याबरोबर ती वर आली. बाकड्यावरून पूर्ण सुटली. बुडाखाली काही नाही, पायाखाली काही नाही, आणि समोर सरळ खाली जमीन. तिने दांडा धरला तर दांडाच हलत होता. तेव्हा तिच्या तोंडून जे निघालं ते तिने आयुष्यात काढलं नव्हतं. आधी नुसता आवाज, आणि मग "अहो! अहो! अहो, सुटला! गाडी थांबवा, सुटला!" प्रत्येक वळणाला तिने नवऱ्याला हाक मारली. दर उंचवट्याला ती उडाली, दर वेळी तिला वाटलं ही शेवटची. चष्मेवाली आधी घाबरली, मग तिच्याकडे बघून हसायला लागली, हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मागचे डबे आनंदाने चेकाळले होते. "सुटला! सुटला!" मागची पोरं तिची नक्कल करत होती.

खटक्यापाशी उभा असलेला ड्रायव्हर प्रत्येक हाक ऐकत होता. गाडी वाटेत थांबवता येत होती. तो हात मागे बांधून उभा राहिला.

गाडी खाली येऊन थांबली, पण वहिनीने "परत एकदा!" म्हटलं नाही. दांडे वर झाले, लोक उतरले, ती बसूनच. कपडे ओले झाले होते. चष्मेवालीच्या ते लक्षात आलं, ती चटकन बाजूला सरकली आणि मैत्रिणीचा हात धरून ओरडली, "परत! परत बसायचं! याच डब्यात!" अख्खी गाडी खिदळत पुन्हा रांगेकडे पळाली. रांग पार फाटकाबाहेर गेली.

धाकटे मालक टाळ्या वाजवतच आले. "वा! याला म्हणतात किंकाळी! माझ्या अंगावर काटा आला, वहिनी!"

"दांडा..." तिचा घसा पार बसला होता. "दांडा सुटला होता. हे मेले असते सगळे. मी मेले असते. थांबवा गाडी. लोकांना बसवू नका."

मालकांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हरने टोपी काढली.

"बाकीचे दांडे ठीक आहेत," तो म्हणाला. "तुझ्याच दांड्याचा वरचा खटका ढिला केला होता. पण खालून पिन घातलीय मी, जाडजूड. चालत्या गाडीत दांडा वीतभर उचलला जाणार, त्यावर जाणारच नाही. चार वेळा तपासली. माझ्या हाताने घातलीय."

तिने मान वळवून त्या दांड्याकडे पाहिलं.

"तू म्हणालीस ना, दांडा मी लावतो म्हणून भीती वाटत नाही. म्हणून म्हटलं... खोली गेली असती गं. आईला घेऊन कुठे गेलो असतो आपण?" आणि मग, त्या माणसाची अक्कल पाहा, तो जरासा हसला. "काय ओरडलीस पण!"

"टिचक्या मारल्यात तुम्ही," ती म्हणाली. "दोन्ही मारल्यात."

त्याने अंगातला कामाचा कोट काढून तिच्यापुढे धरला, कमरेला गुंडाळायला. तिने तो घेतला नाही. पर्स पोटापुढे धरून ती उठली आणि तशीच, ओल्या कपड्यांनी, सगळ्या रांगेसमोरून चालत खोलीवर गेली. रांगेतून कोणीतरी म्हणालं, "तीच बघ, तीच ती काकू."

घरी सासूने विचारलं, "आज लवकर?" तिने सांगितलं, पण आवाज फुटत नव्हता. सासू तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "मोठ्याने बोल गं, एकाएकी मला काही ऐकूच येईनासं झालं," म्हातारी घाबरून म्हणाली.

नवरा दारात येऊन उभा राहिला होता. "हे बघ, उद्यापासून खटका पुन्हा घट्ट करतो. शिवाय पिनही ठेवतो. दुहेरी झालं. आता तर तुला माहीतच आहे खाली पिन आहे. मग घाबरायचं काय कारण?"

"पिन आहे हे मला कोणी सांगितलं?" ती कुजबुजली.

"मी सांगतोय ना!"

"तेच."

तिने कपडे बदलले, चूल पेटवली आणि सगळ्यांना वेळेवर जेवायला वाढलं. रडायला तिला सवड झाली नाही, आणि झाली असती तरी ती रडली नसती. भयंकर राग आला होता तिला, पण राग काढायचा म्हणजे खोली सोडायची, आणि खोली सोडायची तर म्हातारीला हात धरून रस्त्यावर उभं राहायचं. हा हिशेब तिला लगेच जमला. नवऱ्यालाही असाच कुठलातरी हिशेब जमला असेल, असंही तिच्या मनात आलं, आणि त्यामुळे तो जास्तच नकोसा झाला.

आवाज सुटायला दोन-तीन दिवस गेले. मग ती कामावर गेली. पिवळा रुमाल बांधून पहिल्या डब्यात कडेला बसली. या वेळी तिने नवऱ्याची वाट पाहिली नाही. दोन्ही हातांनी दांडा आपणच खाली ओढला, खट् झाल्यावर वर उपसून पाहिला, पुन्हा दाबला, पुन्हा उपसला. मागचे लोक हसायला लागले. "काकूंची आत्ताच तंतरली!"

ड्रायव्हर आला. त्याने दांडा हलवून पाहिला आणि सवयीने बोट पुढे केलं.

"ते नको आता," ती म्हणाली. "गाडी सोडा."

बोट तसंच वाकडं राहिलं. मग त्याने हात खिशात घातला आणि तो खटक्यापाशी गेला.

गाडी सपाटीवरून हळूहळू चढाकडे निघाली. घाबरावं असं तिथे काहीही नव्हतं. मांडीवरचा दांडा कधी नव्हे इतका घट्ट होता. आणि वहिनी किंचाळली. "आई गं" नाही, चिडीचूप नाही, सगळं पाठ केलेलं कुठल्या कुठे गेलं. चढभर किंचाळली, उतारभर किंचाळली, गाडी थांबून दांडा उघडला तरी तिची मूठ त्यावरून सुटत नव्हती.

कठड्याला टेकलेल्या धाकट्या मालकांनी ड्रायव्हरला विचारलं, "आज पण ढिला ठेवला होतास?"

"नाही मालक. पक्का घट्ट."

"मग तर उत्तमच!" मालक म्हणाले. "रोज ढिला करायची कटकट गेली."

वहिनीने ते ऐकलं. लोक उतरत होते, काही फाटकाकडे वळले होते. तिने एकेक बोट सोडवून मूठ मोकळी केली, रुमाल सारखा केला, आणि उभी राहून, नवऱ्याच्या तोंडाकडे बघत, सगळ्या बागेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "परत एकदा!"

फाटकाकडे निघालेले लोक थांबले आणि रांगेत येऊन उभे राहिले.